भिंतीकडची बाजू

दवाखाना बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती, तरी गल्लीतील लोक त्यांना अजून कंपाउंडरकाकाच म्हणत. डॉक्टर गेले, औषधांच्या बरण्या गेल्या, दारावरची पाटीही उतरली; पण ज्या माणसाने आयुष्यभर चूर्णे तोलून समभाग पुड्या बांधल्या, त्याच्या वागण्यात तो तोल उरलाच. ते पाऊल मोजून टाकीत आणि शब्द त्याहूनही मोजून. अलीकडे मात्र त्या तोलाला एका अंगाने कल आला होता. उजवा हात कमरेवर टेकलेला असे, आणि खुर्चीतून उठताना ओठांतून एक बारीकसा हुंकार निघे. तो कोणाला ऐकू जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

माहेरी चार दिवस राहायला आलेल्या लेकीला तो पहिल्याच संध्याकाळी ऐकू आला. ती सकाळी त्यांच्या खोलीत गेली, पलंगावरची चादर ओढून काढली आणि गादीकडे पाहत उभी राहिली.

"बाबा, ही गादी आहे की नांगरलेलं शेत?"

"बरी आहे," ते दारातून म्हणाले.

"बरी? दाराकडच्या या काठाला नुसती खोळ उरलीये. तुम्ही झोपता इथं, की कडेलोटाची वाट बघत पडता?"

"सवय आहे."

"भिंतीकडे एवढी जागा मोकळी असताना? आणि हिला शेवटचं ऊन कधी दाखवलंत?"

"दाखवू."

"उन्हानं भागायचं नाही आता. पिंजूनच घ्यायला हवी. उगीच नाही कंबर धरली तुमची."

"नको."

"का पण?"

"नको म्हणतो ना."

नकाराला कारण होते. लेकीपाशी ते उच्चारावे, अशी त्यांची घडण नव्हती. भिंतीकडच्या बाजूला, मधल्या टाक्यांच्या ओळीपलीकडे, गादीत एक खळगा होता. खांद्याशी रुंद, कमरेशी निमुळता, पुढे पुन्हा पसरत गेलेला. पत्नी गेली. तिचे कपडे नात्यातल्या बायकांनी नेले, चष्मा कोणा गरजूच्या नाकावर बसला, आणि आवाज तर हळूहळू स्मृतीच्याही हातून निसटू लागला. परंतु तिच्या देहाने स्वतःच्या भाराने या जगात जी एक जागा घडवली होती, ती तशीच राहिली. ते गादी उलटीत नसत, झटकीत नसत. त्या बाजूची चादर ओढून न ताणता पाण्यावर पान सोडावे तशी अलगद सोडीत. रोज दिवा मालवण्यापूर्वी त्या खळग्यावर तळहात टेकीत आणि मग दाराकडच्या काठावर अंग चोरून कुशीवर होत. झोपेत आपण घरंगळून तिकडे गेलो तर तिच्या आकारावर आपला आकार पडेल, हीच एक भीती त्यांच्या मनात होती. कंबर धरली होती ती त्या भीतीपायी.

बाजूंची वाटणी तिनेच केली होती, संसार नवा असताना. "मी भिंतीकडे, तुम्ही दाराकडे. चोर आला तर आधी तुम्ही." चोर कधी आला नाही, वाटणी मात्र अखेरपर्यंत मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते हजामत करून आणि वाचनालयात वर्तमानपत्रे चाळून घरी परतले. चपला दाराशी काढल्या, घरातल्या सपाता पायांत सरकवल्या आणि खोलीत गेले. पलंगाच्या उघड्या फळ्या त्यांच्याकडे पाहत होत्या.

"संध्याकाळपर्यंत येईल परत," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "चौकामागचा गादीवाला घेऊन गेला. विचारत बसले असते तर तुमचं 'नको' काही संपलं नसतं. बसा, चहा टाकते."

चहाचे आधण उकळले तेव्हा ते गल्लीच्या टोकाला पोहोचले होते. पायांत सपाता तशाच होत्या. पावले मोजण्याचे भान त्या दिवशी राहिले नव्हते.

गादीवाल्याचे दुकान म्हणजे एक लांब, अरुंद खोली. तिथल्या प्रत्येक वस्तूवर कापसाच्या तंतूंचा थर होता. दिव्यावर, पंख्याच्या पात्यांवर, भिंतीवर टांगलेल्या, हाताने कापूस पिंजण्याच्या जुन्या लाकडी कमानीवर. खुद्द गादीवाल्याच्या भुवया पिकल्या होत्या की त्यांवर कापूस बसला होता, हे जवळून पाहूनही कळत नसे. एरवी ही खोली पिंजण्याच्या यंत्राच्या घरघरीने दणाणत असे. आज यंत्र बंद होते, पंखा बंद होता, आणि नव्या खोळींच्या ढिगाऱ्याशेजारी उभा असलेला वसतिगृहाचा व्यवस्थापक त्या शांततेत आवाज चढवून बोलत होता.

"यंत्राला आज सुट्टी का?"

"सुट्टी नाही साहेब. जरा बसवलंय."

"आणि माझी मुलं कशावर झोपायची? तुमच्या आश्वासनावर?"

"आश्वासन मऊ असतं, साहेब. एक रात्र निघेल."

"विनोद पुरे. उद्या दुपारपर्यंत गाद्या मिळाल्या नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाईल."

"जाऊ द्या मग," गादीवाला शांतपणे म्हणाला. "मला वाईट वाटेल. पण एक काम मध्येच अडलंय, ते सुटल्याशिवाय यंत्र लावता येत नाही."

व्यवस्थापक पुटपुटत निघून गेला. गादीवाल्याने दारातल्या वृद्धाकडे पाहिले. सपाता पाहिल्या, धाप पाहिली.

"कंपाउंडरकाका ना? या. जपून या, जोरानं वारा घालू नका."

"माझी गादी. मुलीनं सकाळी..."

"ती उघडली मी, काका," गादीवाला म्हणाला. "आधी हे सांगतो, म्हणजे तुम्ही आशेवर राहणार नाही. दाराकडची बाजू असेल बहुतेक, तिथला कापूस काढून पिंजूनही झाला. मग दुसऱ्या बाजूला हात घातला. एरवी जुना कापूस गोळ्यागोळ्यांनी येतो. हा एका थापीत आला, दाबलेल्या थरासारखा अखंड. मी खाली ठेवला, बघितलं, आणि यंत्र बंद केलं. यंत्राच्या वाऱ्यानं, हादऱ्यानं ती थापी सुटली असती."

"तेव्हापासून बंद?"

"तेव्हापासून. तुम्ही आला नसता तर दुपारी मीच घरी येणार होतो. ताईंसमोर विचारायचं कसं, एवढंच सुचत नव्हतं. कापसाचं काम असतं तर निभावून नेलं असतं. हे काही कापसाचं काम वाटेना."

दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, जमीन झाडून तिच्यावर एक धुतलेली चादर अंथरली होती. चादरीवर कापसाची ती थापी ठेवलेली होती. पिवळसर, दबलेली, कडांना किंचित उसवलेली. गादीत होती त्याच दिशेने त्याने ती मांडली होती. "डोकं इकडे," तो म्हणाला, "भिंत तिकडे असणार, कारण खोळ त्या अंगाला घासली गेलीये." एवढे सांगून तो मागे सरला आणि पाठ फिरवून दाभणात दोरा ओवू लागला.

कंपाउंडरकाका गुडघ्यांवर टेकले. खोळीच्या आणि चादरीच्या आडून जो आकार त्यांनी इतकी वर्षे केवळ तळव्याने जाणला होता, तो आज प्रथमच उघडा समोर होता. हा खांदा. ही कंबर. आणि कमरेच्या खाली, मुख्य खळग्यापासून थोडा बाजूला, एक लहानसा वेगळा खोलगा होता. वरून तो कधीच जाणवला नव्हता. ती कुशीवर, एक गुडघा पुढे दुमडून झोपत असे. त्या गुडघ्याची ही जागा. त्यांनी दोन बोटे तीत ठेवली आणि हात तिथेच थबकला.

तो गुडघा भिंतीकडे नव्हता. दाराकडे होता.

दवाखाना उशिरापर्यंत चाले. शेवटचा रोगी गेल्यावर बरण्या पुसून, बुचे घट्ट करून ते परतत, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे. तिची झोपमोड होऊ नये म्हणून ते अंधारातच कपडे बदलीत, श्वाससुद्धा बेताने घेत. त्यांची उभी हयात या समजुतीत गेली की ती लवकर झोपते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. सकाळी एखादे वेळी ते चेष्टेने म्हणतही, "भिंतीशी काय एवढं हितगुज?" ती म्हणे, "भिंत वेळेवर घरी असते." मग दोघे हसत. कापसाला मात्र कोणी काही सांगितले नव्हते. जो भार ज्या कुशीवर अधिक काळ राहिला, तोच त्याने धरून ठेवला होता. ती दाराकडे पाहत पडून राही. कडीचा आवाज झाला की कूस बदली.

गादीवाल्याने दाभणात दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

"हे असंच्या असं परत आत ठेवता येईल?" त्यांनी विचारले.

"ठेवता येईल. पण असंच्या असं राहायचं नाही. नवी शिलाई पडली की कापूस सरकतो. शेजारचा पिंजलेला कापूस फुलून येईल, तो याला ढकलेल. थापी बाहेर काढतानाच थोडी हलली, ते तर माझ्याच हातून झालं."

"मग खळगा वरून दाबून करता येत नाही? तुम्हाला येत असेल."

"येतो," गादीवाला म्हणाला. "दोन टाके आत ओढून घेतले, पोटातला थोडा कापूस कमी केला, की हुबेहूब होईल. हात ठेवलात तरी तुम्हाला फरक कळायचा नाही."

"मग तसं करा."

गादीवाल्याने दाभण खाली ठेवले.

"कळायचा नाही, म्हणूनच करवत नाही, काका. तुम्ही रोज त्याच्यावर हात ठेवाल, आणि तो खळगा माझ्या दोऱ्याचा असेल. काकूंचा नसेल."

कंपाउंडरकाकांनी मान वर केली. एखाद्या रोग्याने पैसे नसताना औषध मागावे आणि आपण त्याला रंगीत पाणी द्यावे, असे त्यांच्याकडून कधी घडले नव्हते. आज रंगीत पाणी मागणारे ते स्वतः होते. नाही म्हणणाऱ्याचा राग यावा, इतके बळ त्यांच्यात नव्हते. आणि ज्याचा राग यावा असे त्या चेहऱ्यात काही नव्हते.

"दुसरा एक मार्ग आहे," गादीवाला जवळ बसत म्हणाला. "ही थापी चादरीसकट उचलून, दोन फळ्यांच्या मध्ये बांधून देतो. कपाटात ठेवा. जेवढी टिकेल तेवढी टिकेल."

"किती टिकेल?"

"हलवली नाही तर टिकेल. पण बघायला काढाल, तेव्हा हलेलच ना."

इतक्यात रस्त्यावरून लेकीची हाक आली. गादीवाल्याने एका हाताने बाजूचा पातळ पंचा उचलला आणि थापीवर इतक्या हलकेपणाने सोडला, की एकही तंतू उडाला नाही. मग तो उठून दाराशी गेला.

लेकीच्या हातात वडिलांच्या चपला होत्या. "आहेत का आमचे बाबा इथे? सपातांवर निघून आलेत. अख्खी गल्ली मला विचारतेय, भांडण झालं का म्हणून."

"आत आहेत, ताई. कापसाविषयी बोलणं चाललंय आमचं."

"कापसाविषयी?" तिने आत डोकावले. "बाबा, एवढं काय होतं हो त्या गादीत? मी काय सोनं विकून टाकलं?"

तिने चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या, सपाता उचलल्या, आणि तिचा स्वर जरा उतरला.

"रागावलात?"

"नाही गं."

"आईच किती वर्षं तुमच्या मागे लागली होती, आठवतं? मी सुट्टीला आले की तिचं सुरू. 'अगं, माझी बाजू एवढी खोल गेलीये, की एक दिवस तळाशीच सापडेन. मला या खड्ड्यातून वर काढा म्हणावं.' आणि तुम्ही म्हणायचात, 'पुढच्या महिन्यात.' मला वाटलं, निदान आता तरी तिचं ऐकू या." ती किंचित हसली. "बरं, चहा उकळून काळा झालाय. नवा टाकते. या सावकाश."

ती गेली. पंच्याखालचा आकार अस्पष्टसा दिसत राहिला. कंपाउंडरकाका त्याच्याकडे पाहत होते. मला या खड्ड्यातून वर काढा. हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले होते, आणि घरातल्या वाक्यांचे जे होते तेच त्याचे झाले होते. ऐकता ऐकता ते भिंतीच्या रंगासारखे दिसेनासे झाले. जो खळगा ते प्राणपणाने जपत होते, तो तिला नकोसा होता. त्यात पडून ती दाराकडे पाहत राहिली, आणि उसंत मिळे तेव्हा हसत हसत, त्यातून बाहेर काढा म्हणाली.

त्यांनी पंचा स्वतः बाजूला केला. तळहात खांद्यावर ठेवला, कमरेवर ठेवला, आणि शेवटी त्या लहान खोलग्यावर. रोजच्याहून अधिक वेळ ठेवला.

"पिंजा," ते म्हणाले.

गादीवाल्याने त्यांच्याकडे निरखून पाहिले. "घाई नाही, काका. वसतिगृहाची मुलं आश्वासनावर झोपतील. उद्या सांगितलंत तरी चालेल."

"नको. पिंजा. फक्त यंत्रात घालू नका."

गादीवाल्याने भिंतीवरची कमान उतरवली, तिच्यावरचा थर झटकला, आणि तिच्यावर ताणलेली तात, आतड्याची ती दोरी, बोटाने छेडून पाहिली. खोलीभर एक खोल, कंप पावणारा नाद पसरला. "वडिलांची आहे," तो म्हणाला. "हात उतरलाय माझा. वेळ लागेल."

"लागू दे."

त्याने थापीची एक कड हलकेच सुटी केली, कमान तिच्यावर धरली आणि लाकडी मोगरीने तातीवर आघात केला. कापूस थरथरला, दबलेले तंतू एकमेकांपासून सुटले, आणि पिवळट थापीतून पांढरा फेस उठावा तसे वर आले. कंपाउंडरकाका जमिनीवर बसून पाहत होते. तिच्या खांद्याची जागा फुलून आली आणि नाहीशी झाली. मग कंबर. गुडघ्यापाशी गादीवाला क्षणभर थांबला, त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. तात वाजली.

सगळा कापूस सुटा झाला तेव्हा दुकानात दोन शुभ्र ढीग होते. एक यंत्रावर पिंजलेला दाराकडच्या बाजूचा, एक हातावरचा.

"वेगळे भरू, जसे होते तसे?" गादीवाल्याने विचारले. "मध्ये शिवण घालून देतो."

ज्या हातांनी एका खलातले चूर्ण दुसऱ्या खलात कधी सांडू दिले नव्हते, ते हात कंपाउंडरकाकांनी दोन्ही ढिगांत घातले.

"मिसळा," ते म्हणाले. आणि गादीवाला पुढे सरेपर्यंत त्यांनी स्वतःच सुरुवात केली. दोघे समोरासमोर बसून कापूस कालवू लागले. थोड्याच वेळात दोघांच्या भुवया सारख्या पांढऱ्या झाल्या. गादीवाला म्हणाला, "आता कुणी आलं तर विचारेल, यातला कारागीर कोण?" कंपाउंडरकाकांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. कमरेचा नेहमीचा हुंकार तो नव्हता. हसण्याशी त्याचे काही नाते असावे.

संध्याकाळी गादी घरी आली ती गादीवाल्याच्या खांद्यावरून. त्याने ती फळ्यांवर बसवली, चारी कोपरे दाबून पाहिले, आणि लेकीने आग्रह केला तरी चहाला थांबला नाही; त्याचे यंत्र सकाळपासून वाट पाहत होते. जाताना दारात वळून एवढेच म्हणाला, "ऊन दाखवत जा तिला."

लेकीने चादर घातली, ताणून, चारी बाजूंनी सारखी. मग पलंगाच्या मधोमध बसून लहानपणीसारखी एकदा उसळून पाहिली. "बघा! आता पडा जरा. उशी कुठं ठेवू, दाराकडेच ना?"

"भिंतीकडे ठेव."

तिने त्यांच्याकडे पाहिले. उशी भिंतीकडे ठेवली आणि दार अर्धवट लोटून ती स्वयंपाकघरात गेली.

ते आडवे झाले. गादी उंच होती, परकी होती. कुठेही उतार नव्हता. पाठ हळूहळू टेकली. कंबर प्रथम बिचकली, मग तीही टेकली. बाहेर दिवेलागण झाली होती. ते दाराकडच्या कुशीवर वळले आणि नकळत एक गुडघा पुढे दुमडला गेला.

या बाजूने ही खोली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. इथून दार पूर्ण दिसत होते, कडी दिसत होती, आणि फटीतून येणारा उजेडाचा एक पट्टा सरळ आत येऊन पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्यावर पडला होता. त्यांच्या जागेवर. माणूस बाहेर बूट काढायला वाकला तरी त्याची सावली तिथे आधी उमटावी, अशी ती रचना होती. म्हणजे तिला ते येण्याआधी कळत असे. कूस बदलायला पुरेसा वेळ मिळत असे.

त्यांनी हात लांब करून ती उजेडाची जागा चाचपली. सपाट होती, मऊ होती, रिकामी होती.

बाहेर भांड्यांचा आवाज होत होता. ते दाराकडे पाहत पडून राहिले. कडी वाजण्याची वाट पाहणाऱ्याला डोळे मिटणे किती अवघड जाते, हे त्यांना आज समजत होते. आणि समजत असतानाही डोळे मिटवत नव्हते.